धाकट्यांची कवळी

थोरल्यांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसायला असेल असं डॉक्टरबाईंना वाटलं, पण त्यांनी तो औजारांच्या ट्रेशेजारी ठेवला आणि एकेक टोक बाजूला करत उलगडला. आत चार दातांची कवळी होती. टाळूला बसणारा गुलाबी पातळ तुकडा, दोन्ही बाजूंना वळवलेल्या तारा, आणि पुढे चहाने किंचित पिवळे पडलेले वरचे चार दात.

बाईंनी ती लगेच ओळखली. आपल्या हातचं काम होतं ते.

"धाकट्यांची," त्या म्हणाल्या.

थोरल्यांनी मान हलवली आणि तोंडावर हात धरून काहीतरी बोलले. समोरचे दात गेल्यापासून त्यांचे निम्मे शब्द नुसती हवा होऊन बाहेर पडत. बाईंना कळलं नाही हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी हात खाली घेतला आणि एकेक शब्द सुटा करून पुन्हा सांगितलं.

"हॉस्पिटलनं दिली. घड्याळ आणि चष्म्याबरोबर. मला बसवा."

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. एकाची कवळी दुसऱ्याला बसवा असं सांगायला आजवर त्यांच्याकडे कुणी आलं नव्हतं.

"अहो, जबडा म्हणजे काय चप्पल आहे?"

"चपला एकच होत्या आमच्या. टोपी एक. शर्टाचं माप एक." थोरल्यांनी श्वास घेतला. "त्याचे हेच चार नव्हते. आता माझेही हेच चार नाहीत. बघा तरी."

बाजारपेठेत कुलपांचं दुकान म्हटलं की या दोघा भावांचं. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. एक थोरले, एक धाकटे. धाकट्यांचे दात तरुणपणी सायकलवरून पडून गेले होते आणि थोरले त्यांना आयुष्यभर त्यावरून चिडवत आले होते. दोघांचे पक्ष वेगळे, तेही एकमेकांच्या जिवावर उठलेले. गिऱ्हाईक खिळे घ्यायला येई आणि वाद ऐकत तासभर उभं राही. त्या वादाला एकच नियम होता. ज्याचा आवाज चढेल त्यानं उठून सगळ्यांना चहा करायचा. थोरले तापट, त्यामुळे चहा बहुतेक त्यांच्याच गळ्यात पडे. लोक म्हणत, यांचा पक्ष काही निवडून येत नाही, पण चहा फक्कड असतो. धाकट्यांची मुलगी त्या दुकानातच, बिजागऱ्यांच्या खोक्यांवर बसून लहानाची मोठी झाली. शाळेत असताना तीही तावातावानं मधे पडे आणि मग पाय आपटत चहाला जाई.

एकमेकांच्या सभेलाही हे दोघे जात. समोरचा काय म्हणतो ते धड ऐकल्याशिवाय घरी भांडायचं कसं, असं धाकट्यांचं म्हणणं. त्या दिवशी चौकात थोरल्यांच्या पक्षाची सभा होती. थोरले व्यासपीठावर आणि धाकटे नेहमीसारखे पहिल्या रांगेत. गल्लीतून धाकट्यांच्याच पक्षाचा जमाव आला. आधी घोषणा, मग खुर्च्या, मग विटा. धाकटे धावत व्यासपीठावर चढले आणि भावाच्या पुढे उभे राहून आपल्याच लोकांना टोपणनावांनी हाका मारू लागले. अरे थांबा, अरे मी आहे, असं म्हणत होते. एक वीट थोरल्यांच्या तोंडावर बसली, एक धाकट्यांच्या कानशिलावर. थोरले वाचले.

आता चौकात धाकट्यांचे दोन मोठे फलक लागले होते. एक त्यांच्या पक्षाचा, एक थोरल्यांच्या पक्षाचा. दोन्हींवर तेच छायाचित्र आणि दोन्हींवर लिहिलेलं, बदला घेऊ. जिवंतपणी ज्याला दोन्हीकडचे लोक जरा मवाळच आहे म्हणून हसत, तो मेल्यावर सगळ्यांना हवा झाला होता.

उद्या त्याच चौकात शोकसभा होती.

बाईंनी कवळी औषधाच्या पाण्यात टाकली आणि काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. बाकावर धाकट्यांची मुलगी फोन कानाला लावून बसली होती. ही बँकेत नोकरीला लागली तेव्हा पेढे द्यायला इथे आली होती. तिच्या वेड्यावाकड्या दातांना तारा बाईंनीच बसवल्या होत्या. आता तिचा चेहरा वाळल्यासारखा दिसत होता.

"उद्या ती बोलायचं म्हणते," थोरले म्हणाले. "आमच्या पक्षाच्या पोरांनी भाषण लिहून दिलंय. मला म्हणाली, काका, तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही, लोक हसतील. मी बोलते."

"मग बोलू द्या की. वडील गेलेत तिचे."

थोरल्यांनी डोळे मिटले. "शेवटचं वाक्य ऐकलंय मी. विटा कुणी मारल्या त्यांची नावं घेणार. आणि म्हणणार, यांची घरं तुम्हाला माहीत आहेत."

बाईंना ती घरं माहीत होती. त्या घरांमध्ये लहान मुलं होती, म्हातारी माणसं होती. त्यातली निम्मी त्यांच्याच खुर्चीत बसून गेलेली.

"नवीन करून दिली असती हो मी," त्या जरा वेळानं म्हणाल्या. "पण कवळ्या घडवणाऱ्या कारागिराची गल्ली अजून बंद आहे. पोलीस आत सोडत नाहीत."

"म्हणून तर ही आणली."

बाईंनी खुर्ची मागे झुकवली, दिवा ओढला. थोरल्यांच्या हिरड्या आता बऱ्याच भरून आल्या होत्या. मोडके दात मुळासकट बाईंनीच काढले होते, आणि काढताना दोनदा चिमटा त्यांच्या हातातून सुटला होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्याचं कारण थोरल्यांना ठाऊक नव्हतं. बाई धाकट्यांच्या पक्षाच्या. म्हणजे मतापुरत्या आणि मोबाइलवरच्या ग्रुपपुरत्या. सभेच्या आधी त्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, यांचे दात घशात घालायची वेळ आली आहे. अशी वाक्यं तिथे रोजच पडत, कुणी मनावर घेत नसे. बाईंनी खाली गमतीनं लिहिलं, घाला खुशाल, नवे बसवायला माझ्याकडेच पाठवा. त्यावर हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. धाकटे मात्र हसले नव्हते. त्यांनी एवढंच लिहिलं होतं, डॉक्टर, माझ्या दादाचे अजून शाबूत आहेत.

ते वाक्य बाईंनी नंतर कितीदा वाचलं असेल याला गणती नव्हती.

त्यांनी कवळी बसवून पाहिली. मागच्या बाजूला टोचत होती, डावीकडची तार सैल पडत होती. त्यांनी ती काढली, घासली, पुन्हा बसवली. चिमट्यानं तार वळवली. आतून मऊ अस्तराचा लेप दिला आणि अंगठ्यानं दाबून धरली. अस्तर घट्ट व्हायला वेळ लागणार होता. थोरल्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. बाईंनी कापूस घेतला आणि काही न विचारता ते टिपलं.

"दुखतंय?"

थोरल्यांनी नाही म्हणून बोट हलवलं.

तेवढ्यात दार उघडून धाकट्यांची मुलगी आत आली. फोन हातात तसाच होता.

"काका, किती वेळ? ती माणसं विचारतायत, उद्या नक्की कोण..." तिचं लक्ष ट्रेवर गेलं. उलगडलेला रुमाल तिथेच पडला होता. वडिलांचा रुमाल. तिनं काकांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळायला फारसा वेळ लागला नाही.

"हे बाबांचे आहेत?"

थोरल्यांनी मान हलवली.

"कपाटातून काढलेत तुम्ही? मला न विचारता?" तिचा आवाज एकदम वर गेला. "लाज नाही वाटत काका? त्यांच्या अंगावरचं दुसरं काही धड उरलं नव्हतं हो! ते घड्याळ सुद्धा फुटलेलं! आणि तुम्ही हे तोंडात... कशाला? सभेत छान दिसायला? त्या लोकांना नमस्कार-चमत्कार करायला? काढा ते! आत्ताच्या आत्ता काढा!"

खिडकीखाली रस्त्यावरून जाणारा एक माणूस थांबून वर बघू लागला. बाईंनी पुढे होऊन खिडकी लावली. थोरले खुर्चीतून उठायला लागले तसा त्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस जरा," बाई मुलीला म्हणाल्या. "अस्तर अजून ओलं आहे. आता ओढलं तर फाटेल, मग कवळी ना यांच्या उपयोगाची, ना तुझ्या. झालं की तू म्हणशील तर काढून तुझ्या हातात देते."

ती बसली नाही. खिडकीशी जाऊन दोघांकडे पाठ करून उभी राहिली. काचेतून चौकातले दोन्ही फलक दिसत होते आणि दोन्हींवर तिचे बाबा तोंड मिटून हसत होते. छायाचित्र काढताना ते तोंड मिटूनच हसत.

बाईंची एक पद्धत होती. कवळी बसवली की बोलणं तपासायला लागतं. इतर डॉक्टर आकडे म्हणायला लावतात. बाई म्हणत, आकडे सगळ्यांना जमतात. घरात रोज जे वाक्य कानावर पडतं ते म्हणून दाखवा, जीभ कुठे अडखळते ते त्यात कळतं. गेल्या खेपेला धाकट्यांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. आज सांगावं की नाही, कळेना. पण तोंडातून सवयीनं निघूनच गेलं.

"बोलून बघा काहीतरी. घरात रोज कानावर पडतं ते."

थोरले बराच वेळ छताकडे बघत राहिले. जिभेनं त्यांनी त्या चार दातांची मागची बाजू एकदा चाचपली. मग म्हणाले,

"सावकाश, दादा, सावकाश. समोरच्याला सांगून संपवू दे, मग सांग."

प्रत्येक ‘स’ला एक बारीक शीळ वाजली.

खिडकीशी उभ्या असलेल्या मुलीची पाठ ताठ झाली. ती वळली तेव्हा तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. आवाज काकांचाच होता, जाड, घशातला. पण ती शीळ काकांची नव्हती. लहानपणी गोष्ट ऐकताना राजकन्येपेक्षा ‘साप’ आणि ‘ससा’ कधी येतात याची ती वाट बघत असे, कारण ते आले की बाबांच्या दातांतून शीळ यायची आणि ती खदखदून हसायची.

बाईंनाही ती शीळ ठाऊक होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या दाताच्या मधे केसाएवढी फट राहिली होती. बुजवून देते म्हणून त्यांनी धाकट्यांना कितीदा सांगितलं होतं. ते म्हणायचे, राहू द्या डॉक्टर, घरातल्यांना मी आल्याचं कळतं.

"हवा जातेय मधून," बाई म्हणाल्या. "माइकवर जास्त ऐकू येईल. थोडा मसाला भरला की बंद होईल." त्यांनी हत्यार उचललं आणि कुणाकडे बघावं ते न कळून मधेच थांबल्या.

थोरले पुतणीकडे बघत होते.

"काढा म्हणालीस तर काढतो," ते म्हणाले. शब्द आता स्वच्छ येत होते. "तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. विचारायला हवं होतं तुला. धीर झाला नाही."

मुलीच्या हातातला फोन थरथरू लागला. तिनं पडद्यावरचं नाव पाहिलं. फोन थरथरतच राहिला, थांबला, पुन्हा सुरू झाला. तिनं तो औजारांच्या ट्रेवर, त्या रुमालाशेजारी पालथा ठेवून दिला.

"ते भरू नका," ती बाईंना म्हणाली.

"शीळ तशीच राहील मग."

"राहू दे."

बाईंनी हत्यार खाली ठेवलं. पत्र्यावर थरथरणारा फोन हळूहळू ट्रेच्या कडेकडे सरकत होता. बाईंनी तो एका बोटानं मागे ढकलला.

मुलीनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं, नाक ओढलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"डॉक्टर, इथे चहा कुठे करता तुम्ही?"

"अगं, मी सांगते बाहेरून आणायला..."

"नको. मीच करते." तिनं काकांकडे पाहिलं नाही. "मघाशी आवाज माझा चढला होता."

थोरल्यांनी खुर्चीच्या हातावरची पकड घट्ट केली. बाईंनी पडद्यामागच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि ती आत गेली. पातेलं आपटल्याचा आवाज आला, नळ सुटला, शेगडी पेटली. थोरले डोळे मिटून ते सगळे आवाज ऐकत होते.

"काका," आतून हाक आली. "साखर किती?"

ती कळती झाल्यापासून त्यांना चहा करून देत आली होती. बाईंनी चमकून थोरल्यांकडे पाहिलं. थोरल्यांनी मान पडद्याकडे वळवली.

"साखर सव्वा चमचा."

शीळ पडद्यापलीकडे गेली. शेगडीवर पाणी उकळू लागलं होतं. आत तिनं शेगडी बारीक केली.

"नीट ऐकू नाही आलं," ती म्हणाली. "परत सांगा ना."

थोरल्यांनी परत सांगितलं.