रकान्यात न मावणारं नाव

गावाहून बाबांची मेल आली, की त्यांचं तुआलातामाआलेलांगी हे नाव रकान्याबाहेर पडून तारखेवर चढायचं. मेल कधीची, काही कळायचं नाही. शेवटी मी सामोआच्या राजधानीतल्या, आपियातल्या ऑफिसातून, स्क्रीनचा फोटो जोडून, मेलचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे तक्रार केली. मेलबर्नहून कुणा हॅमिशचं उत्तर आलं, “नाव जरा छोटं करून बघा.”

माझं डोकंच फिरलं. “डुकरं भाजून अख्ख्या गावाला जेवण घातल्यावर मिळालेलं मानाचं नाव आहे ते. कापायला काय नखं आहेत? तुमचा रकाना रुंद करा!”

आठवड्याभरात रकाना रुंद झाला. हॅमिशने लिहिलं, “आता प्रत्येक नवी आवृत्ती आम्ही आधी याच नावावर तपासतो.”

मी फोनवर बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले,

“म्हणजे मेलबर्ननेही मान दिला म्हणायचा. त्यांना विचार, डुकरं किती भाजायची?”