दीड बोट

"हातमोजे राहू द्या बाई. मोजे घालून कापड कळत नाही," असं म्हणून मास्तरांनी ते पांढरे मोजे टेबलाच्या कडेला ठेवले आणि जॅकेटच्या आत हात घातला.

प्रदर्शनाच्या बाई 'अहो' म्हणणार होत्या, पण ज्याने जॅकेट शिवलं त्यालाच हात लावू नका असं कोणत्या तोंडाने सांगणार?

बेचाळीस वर्षांपूर्वीचा दरीचा सिनेमा. त्यातला नायक हेच खाकी जॅकेट घालून दोरावरून दरी ओलांडतो, कड्यावरून नदीत उडी टाकतो आणि शेवटी छातीवरच्या खिशातून नकाशा काढून फाडून टाकतो. तीन पिढ्यांनी तो सिनेमा पाहिला आणि तिन्ही पिढ्यांना तो खिसा तोंडपाठ होता. डाव्या छातीवरचा, मोठा आणि तिरका. बाहेरचं टोक दीड बोट वर. नंतरच्या साहसाच्या सिनेमांत नायक कोणीही असो, खिसा तिरकाच असायचा. पुढे तो शाळेच्या दप्तरांवरही आला. काचेच्या पेटीत ठेवायच्या पाटीवर मास्तरांचं नाव होतं आणि नावापुढे 'तिरक्या खिशाचे जनक' असं लिहिलं होतं. जॅकेट नायकाचंच आहे, एवढं लिहून त्यांनी फक्त सही करायची होती.

मास्तरांची बोटं पाठीच्या शिवणीवर थांबली. तिथे चार बोटांची फट होती, कडा काजासारख्या गुंफलेल्या. उडी मारणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर तिथून बाहेर काढायचे.

"हे नायकाचं नाही," ते म्हणाले.

"म्हणजे नकली?" बाईंचा चेहरा उतरला.

"नकली कसं असेल? माझ्याच हातचं आहे. पण हे उड्याचं."

नायकाच्या नावावर जे जे पडलं, बुडलं आणि पेटलं, ते सगळं त्याच्या जागी उड्या मारणाऱ्या या उड्याने केलं होतं. सिनेमाच्या नामावलीत शेवटी चहावाल्याचेही आभार होते, उड्याचे नव्हते.

"पुरावा काय?" बाईंनी विचारलं. "उद्या दुपारी उद्घाटन आहे हो."

"पुरावा जिवंत असला तर सकाळी घेऊन येतो," म्हणून मास्तर सही न करताच उठले.

घरी मुलीने ऐकून घेतलं आणि कात्री खाली ठेवली. दुकान आता तीच चालवत होती. "बाबा, आता कशाला उकरून काढताय? दुकानाची पाटी मी गेल्या महिन्यात नव्याने रंगवून घेतली. तिच्यावरही तेच लिहिलंय."

"पाटी पुन्हा रंगवता येते," मास्तर म्हणाले. हे बोलायला सोपं होतं. रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

उड्या एका कचेरीच्या इमारतीत लिफ्टवर असतो, हे मास्तरांना ठाऊक होतं. म्हणूनच त्या रस्त्याने जायचं ते वीस वर्षं टाळत आले होते. सकाळी ते लिफ्टसमोर उभे राहिले. जाळीचं दार सरकलं.

"मास्तर! कितवा मजला?"

"तुझ्याकडेच आलोय."

"मग आत या. दार उघडं ठेवून बोलता येत नाही, वरून घंटा वाजवतात." उड्याने आपलं स्टूल पुढे केलं. केस पांढरे झाले होते, डावा खांदा मात्र होता तसाच, एका बाजूला उतरलेला. दरीच्या सिनेमाच्या आधी एका छपरावरून पडला होता तेव्हाचा. "बघा, आता नुसता वर आणि खाली. पडायचं काम नाही. पगार मात्र वेळेवर."

मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे त्यांनी एकदाचं तोंड उघडलं.

"तो खिसा मी तिरका शिवला नव्हता."

"म्हणजे?"

"नायकाला मापं द्यायला वेळ नव्हता. दिग्दर्शक म्हणाला, दोघांची छाती एकच, उड्याची मापं घे. पहिलं जॅकेट तुझ्या अंगावर बेतलं. तुझा खांदा उतरता, म्हणून खिशाचं बाहेरचं टोक दीड बोट वर घेतलं. तुझ्यावर तो सरळ बसला. मग नायक आला, जॅकेट चढवलं आणि खिसा गेला तिरका. मी थांबवायला हात वर केला होता, पण ऊन जातंय म्हणून त्यांनी कॅमेरा सुरू केला."

तिसऱ्या मजल्यावर फायली घेतलेला एक कारकून चढला आणि पाचव्यावर उतरला. तो गेल्यावर मास्तर पुढे बोलू लागले.

"पहिल्या दृश्यात तिरका दिसला म्हणजे पुढे सगळीकडे तिरकाच हवा. उरलेली सहा जॅकेटं मी मोजून चुकीची शिवली. जन्मात कुणाचा काखेतला टाकासुद्धा वाकडा जाऊ दिला नव्हता, आणि माझं नाव झालं ते त्या चुकीवर."

उड्या जाळीला टेकून ऐकत होता. "मी आपला इतकी वर्षं विचार करतोय, ही पोरं खिसा वाकडा का शिवून घेतात? माझा तर सरळ होता."

"तुझा सरळच होता."

"मग पेपरात ते काय आलं होतं? घोड्यावर बसल्या बसल्या नकाशा झटकन काढता यावा म्हणून?"

"थाप मारली. सिनेमा चालला, बातमीदार दुकानात आला, मला चूक म्हणवेना. तोंडाला येईल ते बोललो."

"पण मास्तर, सिनेमात घोडाच नाही!"

"कुणी विचारलंच नाही."

उड्या इतका हसला की चौथ्या मजल्यावरची घंटा दोनदा वाजली तरी त्याला ऐकू आली नाही. मग तो हळूहळू थांबला आणि हाताने डावा खांदा चाचपू लागला.

"म्हणजे ते सगळे माझा खांदा घालून फिरतायत?"

"हो."

"तेव्हा बोलायला हवं होतं तुम्ही."

"हवं होतं," मास्तर म्हणाले. त्यांना मान वर करवेना. भर दिवसा, लिफ्टमधे, सत्तरी उलटलेल्या माणसाला इतकी लाज वाटू शकते हे त्यांना माहीत नव्हतं.

उड्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

प्रदर्शनाच्या मागच्या खोलीत बाई आधी नाहीच म्हणाल्या. एवढी जुनी वस्तू अंगावर चढवायची म्हणजे काय? पण मास्तरांनी त्यांचं बोलणं संपायच्या आत जॅकेट उलगडून धरलं आणि उड्याने सवयीने हात मागे केले. छाती आत गेली होती, जॅकेट ढगळ बसलं. मास्तरांनी बटणं लावली, खांद्यावरून तळहात फिरवला आणि दोन पावलं मागे सरले.

खिसा सरळ होता. जमिनीला समांतर, फळीवर ठेवल्यासारखा.

"खिसा सरळ झाला," बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सरळच होता की," उड्या आरशात बघत म्हणाला.

"जनक वगैरे खोडा," मास्तर म्हणाले. "तिथे याचं नाव लिहा. आणि पेटीतल्या पुतळ्याच्या डाव्या खांद्यातला कापूस मला काढू द्या."

"लोकांना तिरका खिसा बघायचाय हो मास्तर!"

"त्यांच्याकडे आहेत तिरके."

बाईंनी जुनी पाटी बाजूला सारली. मग कोरं पुठ्ठ्याचं कार्ड पुढे ओढलं आणि उड्याला विचारलं, "पूर्ण नाव?"

उड्याने सांगितलं. मास्तर कापूस उपसता उपसता थांबले. ज्याची छाती, कंबर, बाही त्यांना आजही तोंडपाठ होती, त्याचं नाव ते पहिल्यांदा ऐकत होते.

दुपारी दार उघडलं आणि गर्दी आत लोटली. निम्म्या लोकांनी तसलीच जॅकेटं घातली होती. दोघे म्हातारे भिंतीपाशी बाकावर बसले होते. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. कॉलेजातल्या दोन मुली पेटीसमोर येऊन थबकल्या.

"ए, हे खोटं आहे. खिसा बघ ना, सरळ आहे."

"इतकं तिकीट लावून खोटं ठेवलंय?"

मास्तर उठायला लागले. उड्याने त्यांचा हात दाबून त्यांना खाली बसवलं.

"थांब, खाली काहीतरी लिहिलंय," पहिली मुलगी वाकली. अक्षर हाताचं आणि घाईचं होतं. तिने एकेक शब्द लावत उड्याचं नाव वाचलं, आडनावासकट, मोठ्याने.

"हं," बाकावरून उड्या हळूच म्हणाला आणि हाक आल्यासारखा उठून उभा राहिला.