मेल नाही, म्हणजे चालू

कारखान्यातल्या क्रेनचे हुक तपासायचे आणि एखादा दगा देणार असेल तर ते आधी सांगायचं, हा धरणेंद्र अण्णांचा धंदा. वर्कशॉप कुपवाडला, पण गिऱ्हाइकं सांगली-साताऱ्यात पसरलेली. त्या सगळ्यांशी अण्णांचा एकच ठराव होता: मेल आला तर क्रेन बंद, मेल नाही आला तर चालू. पूर्वी ते फोनवर सांगत. मग एका मालकानं ‘तुमी आसं बोललाच न्हाई’ म्हणून कानावर हात ठेवले, आणि अण्णांनी तोंडी शब्दाचा नादच सोडला. माणूस हट्टी. एकदा मनात घेतलं की घेतलं.

त्या दिवशी साताऱ्याजवळच्या एका फाउंड्रीत क्रेनवाल्या अर्जुनानं खाली उभं राहून हातातल्या बटणांनी हुक खाली घेतला. अण्णांनी तो पुसला, त्यावर चिरेत मुरणारा तांबडा रंग मारला, पुसून वर पांढरा फवारा दिला. थोड्या वेळानं पांढऱ्यावर केसाएवढी तांबडी रेघ उमटली. अण्णांनी सगळ्या बाजूंनी तिचे फोटो घेतले.

“आवं अण्णा, ही काय निघाली?” अर्जुना म्हणाला.

“वरचा ओरखडा असंल, न्हाईतर चीर. फोटू मोठं करून बघतो, मग ठरवतो.”

“उद्या सकाळी मोठा साचा उचलायचाय.”

“खराब निघाला तर आज सांजचाच मेल येतोय.”

सुपरवायझर ऋषिराज शेजारीच उभा होता. “मेल आला तर हात लावत न्हाई अण्णा,” तो म्हणाला. पोरगा शब्दाला पक्का होता.

अण्णांच्या लॅपटॉपला एक जुनं दुखणं होतं. वर्कशॉपच्या वायफायवर मेल झटक्यात जायचा. दुसऱ्याच्या वायफायवर किंवा मोबाइलच्या नेटवर हटून बसायचा. बाहेर पडलं की मेल पाठवायची सेटिंग बदलायची आणि परत आलं की होती तशी करायची, हे पुण्याला नोकरीत असलेल्या मुलानं, धवलनं, दहादा घोकून घेतलं होतं. अण्णा ते करत, आणि विसरतही.

परतीच्या वाटेवर औंधला यमाईच्या डोंगराखाली चहाच्या टपरीवर त्यांनी मोबाइलचं नेट जोडून फोटो मोठे केले. रेघ हुकाच्या पोटातून पार मागं वळली होती. ‘हुकाला खोल चीर आहे. क्रेन ताबडतोब बंद ठेवा,’ असं लिहून त्यांनी फोटो जोडले, सेटिंग बदलली आणि बटण दाबलं. रेंज गेली. पुन्हा दाबलं, पुन्हा गेली. चिडून त्यांनी सेटिंगमध्ये इकडचं तिकडं केलं, आणि त्या खटपटीत ती परत वर्कशॉपचीच होऊन बसली. अण्णांच्या ते ध्यानातही आलं नाही.

ऋषिराजला फोन करावा असं एकदा मनात आलं. बोट नंबरावर गेलंही. पण तोंडी कशाला, कुंडलला बहिणीकडं मुक्काम आहे, तिच्याकडं चांगलं वायफाय आहे, तिथून लेखीच पाठवू म्हणून त्यांनी फोन खिशात टाकला. इथं माझा जीव तुटतो. एका मिनिटाचं काम होतं हो.

जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं आणि या दिवसांत अण्णांचा नेम असे. दिवस मावळला की तोंडाला कुलूप, ना अन्नपाणी ना बोलणं, फोनही बंद. सकाळी देवदर्शन झाल्यावर पहिला शब्द. कुंडलला पोचले तेव्हा ऊन भिंतीवरून निघत होतं.

“दादा, आदी पाणी पी. दिवस बुडाला बग,” बहीण चंदना दारातच म्हणाली.

अण्णांनी घाईघाईनं लॅपटॉप उघडला, तिचं वायफाय जोडलं, बटण दाबलं. मेलची खिडकी मिटली. मेल आउटबॉक्समध्येच पडून असल्याची बारीक ओळ खाली आली, पण ती वाचायला अण्णा थांबले नाहीत. गरम करून निववलेलं पाणी प्याले, फोन बंद केला, हात जोडले.

“गेला का मेल?” चंदनानं विचारलं.

अण्णांनी मान डोलावली.

सकाळी दर्शन घेऊन ते कुपवाडला आले, शटर वर केलं आणि फोन चालू केला. तो लगेच वाजला.

“अण्णा, हुक तुटला,” ऋषिराजचा आवाज फाटला होता. “अर्जुना खाली हुता. गेला.”

“क्रेन चालू कशी केलीसा?” अण्णा ओरडले. “म्या कालच मेल केलाय!”

“न्हाई आला अण्णा. सकाळी अर्जुनानं सोता इचारलं, मेल आलाय का म्हणून. न्हाई म्हटलं तर म्हणाला, मंग काय भ्या न्हाई, अण्णांनी बघितलंय.”

“आसं कसं हुईल? थांब, दावतो तुला.”

अण्णांनी रागानं लॅपटॉप उघडला. वर्कशॉपचं वायफाय ओळखीचं, ते आपोआप जोडलं गेलं. अण्णांनी कशालाही हात लावायच्या आत आउटबॉक्समधली ओळ हलली आणि नाहीशी झाली. पलीकडं ऋषिराजच्या फोनवर टिंग वाजलं.

“आला,” तो म्हणाला. “आत्ता आला.”

औंधला रेंज नव्हती, सेटिंग बदलली होती, तीनदा बटण दाबलं होतं. सगळं खरं होतं, सगळं जिभेवर आलं होतं, आणि त्यातलं एकही बोलायची अण्णांना शरम वाटली. फोन तर खिशातच होता.

“अण्णा,” ऋषिराज हळू आवाजात म्हणाला, “अर्जुनाची बायकू हितंच बसलीया. इचारतीया, हुक खराब हाय हे कुणालाच ठावं नव्हतं का? काय सांगू तिला?”

“मला ठावं हुतं म्हणून सांग,” अण्णा म्हणाले. “आन् मी येतोय म्हणून सांग.”

त्यांनी शटर खाली ओढलं आणि साताऱ्याच्या वाटेला लागले.