सिरोंच्याचं घड्याळ

महेकनं तिसऱ्यांदा पासवर्ड टाकला, एंटर दाबलं, आणि सिरोंच्याच्या सर्व्हरनं तिसऱ्यांदा तिला दारातूनच परत पाठवलं.

"झालं का मॅडम?" खांदा आणि कानाच्या मध्ये धरलेल्या फोनमधून तिथले नोंदणी कारकून हेमराजभाऊ विचारत होते.

"नाई झालं. थांबा ना जरा."

थांबा म्हणायला काय जातं! ती चंद्रपुरात, ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यात, एसीखाली बसली होती. दोनशेहून जास्त किलोमीटर पलीकडे, त्याच ट्रस्टच्या सिरोंच्याच्या छोट्या दवाखान्यात, दिव्यानी नावाची बारा वर्षांची पोर खाटेवर पडली होती. सिकलसेलचा आजार. अंगातलं रक्त इतकं उतरलेलं की ओठ आणि चेहरा एकाच रंगाचे झालेले. रक्ताच्या दोन पिशव्या तिथल्या फ्रिजमध्ये तयार होत्या. पण मागच्या वेळी रक्त चढवताना या पोरीला भयंकर रिअॅक्शन आली होती, पिशवी अर्ध्यावर काढावी लागली होती. ती कशामुळे आली आणि पुढच्या वेळी कुठलं रक्त टाळायचं, हे तिच्या नोंदीत लिहिलेलं होतं. ती नोंद पाहिल्याशिवाय डॉ. प्रिया पिशवीला हात लावायला तयार नव्हत्या. बापाजवळ कार्ड असायचं, पण गाडी पकडायच्या घाईत ते घरीच राहिलं होतं.

चीड येण्यासारखी गोष्ट ही, की नोंद तिथंच होती. पोरीच्या खाटेपासून चार पावलांवरच्या खोलीत, सिरोंच्याच्या सर्व्हरमध्ये. फक्त आत कुणी यायचं आणि कुणी काय उघडायचं, हे ठरत होतं चंद्रपुरात. ट्रस्टच्या सगळ्या दवाखान्यांतल्या माणसांची ओळख मुख्य सर्व्हर पटवायचा, मगच कुठलंही दार उघडायचं. सकाळपासून उघडी असलेली नोंदणीची खिडकी सिरोंच्यात अजून चालू होती. पण दुपारी डॉक्टर आपल्या मशीनवर बसल्या, तर त्यांना आत घेईना. चंद्रपुराहून महेकलाही घेईना.

"नेटची लाइन तर चालू दिसून राह्यली," ती पुटपुटली. "भाऊ, सर्व्हरच्या खोलीतच आहात ना? घड्याळ किती दाखवते तिथं?"

हा प्रश्न तिनं सवयीनं विचारला होता. दोन सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांच्या वर फरक पडला, की मुख्य सर्व्हर समोरच्याला ओळख देणंच बंद करतो. हा रोग जुना, आणि तिच्या पाहण्यातला.

पलीकडे खिसा चाचपल्याचा आवाज आला.

"दोन वाजाले दहा कमी," हेमराजभाऊ म्हणाले.

तिनं स्वतःच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं. एक पन्नास. बरोबर. म्हणजे घड्याळाचा दोष नाही.

मग ती जिथं जायला नको तिथं गेली. डॉक्टरांचं खातं लॉक झालंय का पाहिलं. नव्हतं. पासवर्ड बदलून दिला. पुन्हा नकार. सिरोंच्याच्या मशीनचे पत्ते तपासले, नावं तपासली. सगळं जागच्या जागी. रोजच्या नोंदींची एक प्रत चंद्रपुरात राहायची, ती उघडायला लावली, तर पडद्यावर तिचा पट्टा मुंगीच्या पावलानं सरकायला लागला. दीड तास तरी लागला असता.

"दीड तास?" फोन आता डॉ. प्रियांच्या हातात होता. पुण्याहून बाँडवर आलेल्या, एरवी फार गोड बोलणाऱ्या बाई. "मॅडम, तुम्हाला कळतंय का मी काय म्हणतेय? हिचे ठोके बघा येऊन! तुमच्या त्या प्रतीची वाट बघत बसले तर पोरगी हातातून जाईल."

"मी करतेय मॅडम."

"काय करताय? आंधळेपणानं रक्त लावू का मी? लावलं नाही तरी ती जाणार, आणि चुकीचं लावलं तरी जाणार!"

महेकनं सरकणाऱ्या पट्ट्याकडे पाहिलं. ती घाबरली होती, चांगलीच घाबरली होती. सात वर्षं या खुर्चीत बसून तिनं प्रिंटर दुरुस्त केले, हरवलेल्या फाइली शोधल्या, साहेबांचे विसरलेले पासवर्ड बदलून दिले. आपल्या बोटांवर कुणाचा जीव येईल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"हिच्या नोंदणीच्या टोकनवर बारा छप्पन्न छापलंय," डॉक्टर भडकून बोलत होत्या. "म्हणजे तास होऊन गेला. तासभर ही मुलगी नुसती पडून आहे, आणि आपण काय करतोय, तर मशीनशी खेळतोय!"

मागून एक थकलेला पुरुषी आवाज आला. मुलीचा बाप असावा.

"तासभर नाई झाला जी बाई. आमची गाडीच सव्वा वाजता आली. रस्त्यात ट्रक फसला होता."

महेकचं बोट कीबोर्डवर तसंच राहिलं.

गाडी आली सव्वाला. टोकन निघालं बारा छप्पन्नला. आणि टोकनवर वेळ छापली जायची ती सिरोंच्याच्या सर्व्हरच्या घड्याळाची.

"मॅडम, फोन हेमराजभाऊंना द्या. आत्ताच्या आत्ता."

फोन हातातून हातात गेल्याची खुडबुड झाली. बाहेरच्या रांगेतल्या बायांचं तेलुगू बोलणं ऐकू आलं, मग दार लोटल्यावर बंद झालं.

"भाऊ. मोबाइलात नोका पाहू. स्क्रीनवर पाहा. किती वाजले?"

पलीकडे खुर्ची ओढली गेली. 

"भाऊ!"

"एक त्रेचाळीस," ते म्हणाले. आवाज पार खाली गेला होता. "मीच मागं घेतलं मॅडम."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. इतका राग तिला आजवर कुणाचा आला नव्हता. पहिलाच प्रश्न तिनं बरोबर विचारला होता, आणि या माणसानं तिला खोटं सांगून वीस मिनिटं रानोमाळ हिंडवलं होतं. तोंडापर्यंत आलेलं सगळं तिनं गिळलं.

"नंतर बोलू. खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळ आहे, त्याच्यावर उजवं बटन दाबा. तारीख-वेळ. दिसलं?"

"दिसलं."

"माझ्या तोंडून ऐका आन् तेच टाका. दोन वाजून नऊ. टाकलं?"

"चुकलं तर मॅडम?"

"नाई चुकत. टाका."

कळफलकाचा एक एक आवाज तिला ऐकू येत होता. "टाकलं," ते म्हणाले.

"डॉक्टरले सांगा, पुन्हा आत जा म्हना."

धावत गेलेल्या चपलांचा आवाज.  महेकनं डोळे मिटले आणि अम्मी म्हणायची ती दुआ म्हणायला सुरुवात केली, मध्येच विसरली, पुन्हा पहिल्यापासून धरली.

"उघडलं!" डॉ. प्रिया लांबून ओरडल्या. मग त्यांचा आवाज बदलला, वाचणाऱ्या माणसासारखा. "हं... हं. सिस्टर, ती डावीकडची पिशवी नको. परत ठेवा. दुसरी आणा."

फोन कुणी बंद केलाच नाही. महेकनंही केला नाही. दोनपैकी एक पिशवी परत गेली होती, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहिलं.

हेमराजभाऊंचा फोन संध्याकाळी आला. पोरगी डोळे उघडून बापाला भात मागत होती.

"आता सांगा," महेक म्हणाली.

"काय सांगू मॅडम. एक वाजला का मशीन टोकन देणं बंद करते. टोकन नाई, तर औषध नाई, रक्त नाई. आसरअल्लीकडची गाडी कधी एकले पाच कमीले येते, कधी एक वाजून दोन मिनटाले. लोकं पयाटेपासून निघालेले असते. त्याईले उद्या या म्हनू? मंग मी दोन-चार मिनटं मागं घेत जाओ. उनाळ्यात लाइन जाऊन राह्यली होती, तवा सर्व्हर बंद कराले तुमीच पासवर्ड देल्ला होता ना, त्याच्यानंच."

दोन-चार मिनिटं. पाचाच्या आत. म्हणून इतके महिने कुणाला पत्ता लागला नव्हता.

"आन् आज?"

"आज गाडी लई उशिरा आली. थे पोरगी उतरली तर उभी राहेना. तातडीचं टोकन फक्त डॉक्टर काढू शकते, आन् डॉक्टर बाळंतपनात अडकल्या होत्या. मी म्हनलं, पोरीले आत तर घेऊ. पंचवीस मिनटं मागं घेतलं."

आत घेण्यासाठीच घड्याळ मागं केलं होतं. आणि त्याच घड्याळानं तिचं रक्त अडवलं होतं. हे आता त्यांनाही कळलं होतं.

"मी इचारलं तवा काऊन नाई सांगितलं, भाऊ?"

"भेलो मॅडम. नोकरी जाईन वाटलं. त्याच्यानं हे होऊन राह्यलं, हे नोतं माहीत. आता कायी लपवनार नाई तुमच्यापासून. लेकराची शपथ."

दिनेश सर ट्रस्टच्या कार्यालयाचे प्रमुख. त्यांनी ऑफिस सुटायच्या आधी तिला बोलावलं. कुणी केलं, एवढंच त्यांना हवं होतं.

"पासवर्ड मी दिला होता सर," महेक म्हणाली. "माझी चूक लिहा."

"लिहितो. तुमचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. सर, सिरोंच्याची नोंदणी दोनपर्यंत ठेवली तर? गाडी—"

"एक म्हणजे एक. एका गाडीसाठी सगळ्या ट्रस्टचे नियम बदलायचे का? तो पासवर्ड आज बदला. आणि त्या कारकुनाचा हात सर्व्हरला लागता कामा नये."

तिनं जागेवर येऊन पासवर्ड बदलला. हेमराजभाऊंची सर्व्हरवरची परवानगी काढली. सरांनी सांगितलेलं सगळं झालं. बॅग खांद्याला लावून ती उठली, आणि पुन्हा बसली.

सगळ्या माणसांच्या यादीत तिनं हेमराजभाऊंचं नाव शोधलं. मग तातडीच्या नोंदणीचा गट उघडला. त्या गटातल्यांना एकची वेळ लागू नव्हती, आणि त्यात फक्त डॉक्टरांची नावं होती. ती त्या नावांकडे बराच वेळ पाहत बसली. मार्च फार लांब नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डब्याचं झाकण काढलं आणि फोन वाजला.

"मॅडम, मशीन पुन्हा बिघडली वाटते." हेमराजभाऊ घाबरेघुबरे झाले होते. "मी कायीच नाई केलं. हातबी नाई लावला सर्व्हरले. पर तुमाले सांगतो म्हनलं होतं, म्हनून सांगून राह्यलो."

"काय झालं?"

"एक वाजून गेला, तरी टोकन निघूनच राह्यलं. बंदच होत नाई."

"घड्याळ?"

"बरोबर हाये. मोबाइलसंग जुळवून पाह्यलं. दोनदा पाह्यलं." ते थांबले. "कंप्लेन लिहू का?"

"आसरअल्लीची गाडी आली का?"

"हे काय, आत्ताच आली. उतरून राह्यले लोकं."

महेकनं डब्यातली पोळी मोडली.

"राहू द्या बिघडलेली," ती म्हणाली. "लिहू नोका."

पलीकडे पंखा फिरत होता.  हेमराजभाऊंनी नाक ओढल्याचा आवाज आला. फोन टेबलावर ठेवला गेला, तसाच चालू.

"चला," ते मोठ्यानं म्हणाले, "सुकरीबाई, पुढं या. सगळे या. घाई नोका करू, हाये टाइम."