बिनअंड्यांची मरळ

आखाड अर्धा सरला, तरी पुष्पा पचारे यांच्या जाळ्यात अंड्यांनी भरलेली एकही मरळ आली नव्हती. राजूरजवळ खाणीचं पाणी उतरतं त्या तलावात त्या वीस वर्षं मासे धरत होत्या. शेवटी सहा मासे बर्फात घालून त्यांनी वणीच्या कॉलेजात भैरवी मॅडमकडे आणले. मॅडम प्राणिशास्त्र शिकवायच्या.

"माद्याच हायेत ह्या. मंग अंडे काहून नाही?"

भैरवीने एकेक पोट उघडलं. अंडाशय सुतळीसारखे बारीक. तिने नमुने नागपूरला पाठवले. महिन्याने अहवाल आला : शिसं आणि कॅडमियम, मर्यादेच्या कितीतरी वर.

अहवाल घेऊन ती राजूरला गेली. ओट्यावर पुष्पाताई जाळं सांधत होत्या; शेजारी त्यांची सून प्रेरणा गवार मोडत बसली होती.

"अंडी धरायचा निरोप रक्तातून जातो, ताई," भैरवी म्हणाली. "हे धातू तो निरोपच बिघडवतात. मासा धडधाकट दिसतो, पण अंडी धरत नाही."

प्रेरणाचे हात थांबले. "आमी रोजच खातो हे मासे. माह्यं दोनदा पोट पडलं, मॅडम. त्याच्यानंच का?"

"माशावरून माणसाचं सांगता येत नाही," भैरवी कशीबशी म्हणाली. "रक्त तपासून घेऊ."

पुष्पाताईंनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "मीच तिले मरळीचे डोके रांधून घालत होती. दिवस गेले की ताकद पायजे म्हणून."

प्रेरणाने सासूकडे पाहिलं. गवारीची टोपली उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पुष्पाताईंनी जाळं टाकलं नाही. अहवालाची बातमी कानावर गेली, तसे तलावावरचे बाकीचे मासेमार चिडले. "तुमी बोंबलल्या तं आमचे मासे कोन घेईन?" बाबुलाल म्हणाला.

प्रेरणाच्या रक्तातही शिसं निघालं. पोट त्यामुळेच पडलं का, हे यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. तलावाचे मासे मात्र त्यांनी बंद करायला लावले.

परतताना बसमध्ये सासू-सून शेजारी बसल्या होत्या. वणी आली, तशी प्रेरणा खिडकीकडून वळली. मग हळूच म्हणाली, "बाबुलालभाऊची पोरगी पोटुशी हाये, आत्याबाई. तिले कोन सांगन?"

राजूरला उतरल्यावर पुष्पाताई घरी गेल्याच नाहीत. पिशवीतला रक्ततपासणीचा कागद काढून थेट बाबुलालच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.