बेदाणा काळा का पडतो?

मित्रांनो, मी एक जुनं पोस्टर आहे. माझ्या दोन्ही अंगांवर लिहिलंय. एक अंग लोकांनी वाचलं, दुसरं फक्त भिंतीने.

१९९६ साली, तासगावात, शेतकी कॉलेजातल्या शिवांजलीने मला विकत आणलं तेव्हा मी कोरा, पांढराशुभ्र कागद होतो. बेदाण्याच्या शेडमध्ये दोन वर्षं राबून तिने जे शोधलं, ते साताऱ्याच्या परिषदेत मांडायचं होतं. तिला एकच धास्ती होती : माझ्यापुढे कुणी थांबलंच नाही तर? त्या भीतीपोटी तिने काहीच सोडलं नाही. तक्ते, आकडे, संदर्भ, मुंगीच्या पावलांएवढी अक्षरं! माझा श्वास कोंडला.

निघायच्या आदल्या सकाळी तिचे वडील नानासो आले.

"पोरी, ह्ये पोस्टर हाय का सातबारा?"

"नाना, दोन वर्षांचे कष्ट आहेत त्यात!"

"आसतील की. पर चष्मा लावून बी दिसंना. आपला बेदाणा काळा का पडतो, तेवढं सांग."

"मावळतीचं ऊन शेडमध्ये शिरतं म्हणून."

"मग त्येच ल्ही की गं! लय झाक हाय."

शिवांजली रुसली, मग हसली आणि तिने मला उलटं केलं. वर ठळक प्रश्न. मधोमध शेडचं चित्र, मावळतीला हिरवी जाळी. खाली तीन ओळींत उत्तर. भोवती सारवलेल्या अंगणासारखी मोकळी जागा. नानासोंनी स्वतः डिंकाने हिरवे आणि काळे बेदाणे चिकटवले.

साताऱ्यात माझ्यापुढे गर्दी झाली. एका पाहुण्याने तर हिरवा बेदाणा उचकटून खाल्ला! नानासो मोठ्याने वाचत होते, "मावळतीला जाळी लावा!"

परीक्षकांनी विचारलं, "आपण कोण?"

"मी? हिचा बा. लेकीनं ल्हिलंय. आन् मला चष्म्याबिगर वाचाय येतंय!"

शिवांजलीने डोळे पुसले.

आता मी त्यांच्याच शेडमध्ये असतो. उरलेले बेदाणे मुंग्यांनी नेले. इतक्या जवळून मला कुणीच वाचलं नव्हतं. मित्रांनो, पोस्टरची घडी घालू नका, अलगद गुंडाळा. आणि लिहिताना थोडं अंगण सोडा. वाचणाऱ्याला उभं राहायला जागा लागते. माझं ते गच्च भरलेलं अंग अजून भिंतीला टेकून आहे. तेही कष्टाचंच. त्याच्याच आधाराने तर मी ताठ उभा आहे.