न ऐकलेल्या रेकॉर्डचं भांडण

आमच्या उत्तर फिलाडेल्फियात जॅझ वाजवणाऱ्यांची एक खोड होती, अजूनही आहे. स्वतःची रेकॉर्ड ऐकायची नाही. दुसऱ्याची ऐकायची, तिला नावं ठेवायची, तिच्यातला एखादा तुकडा गुपचूप उचलायचा. पण स्वतःची कपाटावर पडलेली, पाकिटातून न काढलेली. विचारलं तर म्हणणार, "वाजवली तेव्हा ऐकली की."

क्लिओफस यान्सी आणि थर्मन डिग्ज या दोघांनी याच खोडीच्या जोरावर तेहतीस वर्षं एक भांडण जिवंत ठेवलं. माणसांची लग्नं इतकी टिकत नाहीत. क्लिओफसची दोन तर त्याच काळात बुडाली.

मी तेव्हा टर्कल रेकॉर्ड्सच्या कचेरीत होते. मॉरिस टर्कल मालक आणि मी बाकी सगळं. फोन, पत्रं, रेकॉर्डी दाबणाऱ्या कारखान्याशी हुज्जत, आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांना दुपारी उठवणं. एकोणसाठ साली आम्ही क्लिओफसच्या नावावर अल्बम काढला, 'मिसेस ऑटलीचा जिना'. मिसेस ऑटली त्याची घरमालकीण. तिच्या नजरेतून सुटून जिना कसा चढायचा, त्या चालीवर शीर्षकाची धून बांधलेली होती. क्लिओफसचा सॅक्सोफोन, थर्मनचा पियानो, शिवाय एक बासवाला आणि एक ड्रमवाला.

स्टुडिओत काय झालं ते मी पाहिलं नाही. पण दोघांनी मला ते इतक्यांदा सांगितलंय की आता मला तिथल्या खुर्च्यासुद्धा आठवतात. पहिल्या टेकमध्ये, म्हणजे टेपवर घेतलेल्या पहिल्या वादनात, क्लिओफसने सोलोला तोंड फोडलं आणि सॅक्सोफोन चिरकला, दारात शेपटी सापडलेल्या मांजरासारखा. पुढे थर्मनचा सोलो आला, आणि त्या दिवशी तो काय जेवून आला होता देव जाणे, पण तसं त्याने आधी कधी वाजवलं नव्हतं. दुसरा टेक मध्येच मोडला. तिसऱ्यात क्लिओफसने स्वच्छ वाजवलं, भरपूर वाजवलं, आणि थर्मनचा सोलो निम्म्यावर आला असताना पुन्हा मध्ये घुसला.

"तिसरा जाईल," क्लिओफस म्हणाला.

"आणि माझा सोलो?"

"आहे की त्यात. अर्धा."

"पहिल्यात पुरा आहे."

"पहिल्यात मांजर आहे. आणि डिग्ज, पियानोला अर्धा पुष्कळ झाला."

अल्बम ज्याच्या नावावर, शब्द त्याचा. थर्मनने हॅट उचलली आणि निघाला. त्यानंतर दोघं एका मंचावर बसले नाहीत. एका चर्चमध्ये मात्र बसत होते, कारण चर्च सोडणार कोण? एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या.

रेकॉर्ड बाजारात आली आणि चांगली चालली. लोक थर्मनला रस्त्यात गाठून म्हणायचे, "काय सोलो आहे हो तुमचा त्या जिन्यात." त्याला वाटायचं, टोमणा मारतायत. अर्ध्या सोलोचं कौतुक कोण करतं? माणसांवर रुसायचं त्याचं खातं मी जवळून पाहत आले आहे. त्यात जमा कधी नव्हती, नुसती नावे बाजू. रिज अव्हेन्यूवरचा न्हावी त्या खात्यात गेला. एक बारवाला गेला. सगळ्यात वाईट म्हणजे मेहुणी ब्यूला गेली. तिने ईस्टरच्या जेवणात सगळ्यांसमोर सांगितलं, "थर्मन, त्या रेकॉर्डवर तुझी बोटं बोलतात." थर्मन ताटावरून उठला आणि चालता झाला. जाताना वाटेत खाण्यासाठी म्हणून मॅकरोनी-चीजचं काचेचं भांडं तेवढं घेऊन गेला. राग आपल्या जागी, मॅकरोनी आपल्या जागी.

क्लिओफसची तऱ्हा वेगळी. तो पुढे शिकवायला लागला. पोरं यायची आणि त्याच्यासमोर 'जिना' वाजवायची, त्याला खूश करायला. सोलोच्या सुरुवातीला प्रत्येकाचा सॅक्सोफोन चिरकायचा. क्लिओफस कपाळाला हात लावायचा. "ऑर्लीन, ही पिढी वाया गेली गं," मला म्हणायचा, "एकालाही पहिला सूर धड काढता येत नाही." दोघातिघांना त्याने याच कारणावरून घालवून दिलं.

मधल्या काळात टर्कल वारला, आणि टेपा न्यूयॉर्कच्या एका कंपनीने घेतल्या. ब्याण्णव सालच्या वसंतात त्या कंपनीने डॅना फेरारो नावाची मुलगी माझ्याकडे पाठवली. अल्बम सीडीवर काढायचा होता, आणि सोबत कधीच बाहेर न आलेला एखादा टेक जोडायचा होता. हल्ली तसं जोडल्याशिवाय जुनं काही खपत नाही म्हणे.

हे थर्मनच्या कानावर गेलं आणि तो माझ्या दारात उभा राहिला. बोटं तोवर आल्याच्या गड्ड्यांसारखी झाली होती. त्याच्या पियानोचं झाकण उघडतच नव्हतं, वर फोटोंच्या चौकटी मांडल्या होत्या.

"ऑर्लीन, तो पहिला टेक बाहेर काढायला सांग."

"क्लिओफसची सही लागते. करारात आहे, त्याच्या संमतीशिवाय नवीन टेक नाही."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याकडे आलो, त्याच्याकडे नाही." मग जरा वेळ हॅट फिरवत बसला. "नातीने विचारलं परवा, आजोबा, तुम्ही खरंच वाजवायचात? फोटोंकडे बघून विचारलं. मी काय दाखवू तिला? मी एकदाच तसं वाजवलं, आणि ते त्या टेपांच्या खोक्यात पडलंय."

मी क्लिओफसला फोन केला.

"मांजर बाहेर येणार नाही," तो म्हणाला. "मी मेल्यावर काय ते करा."

"तू लवकर मरशील असं दिसत नाही."

"नाहीच मरणार. डिग्जला सांग."

दोन दिवसांनी डॅना टेपांच्या नकला घेऊन आली, आणि आम्ही माझ्या बैठकीत बसून ऐकल्या. आधी तिसरा टेक. तो संपेना. मी कॉफी केली, प्यायली, कप धुतला, क्लिओफस चालूच. मग पहिला. सोलोच्या तोंडाशी सॅक्सोफोन चिरकला आणि मी कप खाली ठेवला. हे तर मी हजारदा ऐकलेलं होतं, पण ती त्याची लकब, आणि पहिल्या टेकमधलं मांजर याहून भयंकर असणार, असं समजत आले होते. उठून माझी जुनी रेकॉर्ड काढली, लावली. तेच मांजर, तेच दार.

"मिस ऑर्लीन," डॅना हळूच म्हणाली, "दुकानात इतकी वर्षं पहिलाच टेक आहे."

"पण ठरला होता तिसरा."

"तिसरा लांब आहे. रेकॉर्डच्या त्या बाजूवर आधीच दोन धुनी होत्या. एवढं लांब कोरायचं तर तबकडीवरचे, सुई फिरते ते चर इतके बारीक करावे लागले असते की आवाज पार दबला असता. तबकडी कोरणाऱ्याने मावेल तो टेक घेतला."

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. कोरणारा आयर्व्ह लास्की कचेरीत फोन करायचा, आणि एकदा टर्कल सँडविच चघळत त्याला म्हणाला होता, "मावेल ते घाल रे, मला कशाला विचारतोस?" मी समजले, रेकॉर्डी पाठवायच्या खोक्यांबद्दल चाललंय. पुढे आयर्व्ह गेला, बासवाला कोपनहेगनला जाऊन स्थायिक झाला. ड्रमवाल्याने रेकॉर्ड ऐकली होती, पण तो ड्रमवाला. त्याने फक्त झांजा ऐकल्या.

डॅनाचा हात फोनकडे गेला. "दोघांना सांगायला हवं."

"सांगायचं नाही," मी म्हटलं. "वाढायचं."

रविवारी चर्चनंतर दोघांना जेवायला बोलावलं. क्लिओफसला सांगितलं, तुझी रेकॉर्ड सीडीवर नीट उतरली की नाही ते एकदा ऐकून सांग, नाहीतर न्यूयॉर्कवाले हवं ते करतील. थर्मनला सांगितलं, क्लिओफस येणार आहे, तू समोर बसून सही माग. खोटं एकही नव्हतं. क्लिओफस पिवळ्या टायमध्ये आला, थर्मन त्याच्या आधी येऊन दाराकडे पाठ करून बसलेला. तळलेली कोंबडी, कोलार्डची भाजी, मक्याचा पाव. दोघं माझ्यामार्फत मीठ मागत होते.

"त्याला सांग, भाजी अळणी आहे, मीठ दे," थर्मन म्हणाला.

"त्याला सांग, जिभेचंही झालंय त्याच्या कानासारखं."

जेवणं झाल्यावर डॅनाने सीडी लावली. क्लिओफस पाय लांब करून बसला, नजर छताला. "ऐक, डिग्ज. तेव्हा नीट ऐकलं असतंस तर तिसरा का निवडला ते कळलं असतं."

धून झाली. सोलो सुरू झाला, आणि मांजराची शेपटी दारात सापडली.

क्लिओफसने पाय आवरले. "चुकीचा लावलास, पोरी. हा पहिला आहे."

"ही तुमची रेकॉर्ड आहे, मिस्टर यान्सी. दुकानातली."

"दुकानात तिसरा आहे."

मी माझी जुनी रेकॉर्ड दुसऱ्या यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली. तोच चीत्कार. मग डॅनाने लांबीचं आणि चरांचं सगळं समजावून सांगितलं. क्लिओफसच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी मजेत पाहिलं. शेवटी जो ओशाळेपणा आला तो त्याने घालवून दिलेल्या पोरांबद्दलचा असावा.

"ती सगळी मुद्दाम चिरकत होती?" त्याने विचारलं.

"तुझ्या मानासाठी," मी म्हटलं.

थर्मन मात्र आमच्याकडे बघतच नव्हता. सीडीवर त्याचा सोलो सुरू झाला होता, आणि तो पुढे वाकून ऐकत होता, स्वतःला पहिल्यांदा. त्याची वाकडी बोटं गुडघ्यावर किंचित हलत होती. सोलो पुरा झाला. मध्ये कोणी घुसलं नाही.

"म्हणजे हे सगळ्यांनी ऐकलंय?" तो म्हणाला.

"तुम्ही दोघं सोडून सगळ्यांनी."

त्याने मनात ते रुसव्याचं खातं उघडलं असावं. मग म्हणाला, "न्हावी खरंच बोलत होता तर."

"आणि बारवाला."

क्लिओफसचं डोकं तोवर दुसरीकडे धावत होतं. खोक्यात कोणाचा टेक कुजत पडलाय हे त्याला आता समजलं. "पोरी, तो तिसरा घाल बरं का सीडीवर. सही आत्ता करतो."

"घालते. शेवटी. 'पर्यायी टेक' असं छापून."

"पर्यायी? मी पर्यायी?" तो थर्मनकडे वळला, तेहतीस वर्षांत पहिल्यांदा सरळ. "डिग्ज, तू सांग हिला."

"घाल, बाई," थर्मन डॅनाला म्हणाला. "त्यात अर्धा मीही आहे. पियानोला पुष्कळ झाला."

क्लिओफसने सही केली, पण पेन असं दाबून की खालच्या मेजपोशावरही यान्सी उमटला. मग म्हणाला, "तुझा तो सोलो... वाईट नव्हता." त्याच्या तोंडून एवढंच निघतं, दोन बायकांनाही त्याने याहून जास्त कधी दिलं नव्हतं.

थर्मन उठला. सीडीची नक्कल त्याने आधीच कोटाच्या खिशात टाकली होती, नातीसाठी. "ऑर्लीन, फोन कुठे आहे?"

ब्यूलाचा नंबर त्याला पाठ होता. रुसलेल्या माणसांचे नंबर पाठच असतात. "ब्यूला, मी थर्मन," तो म्हणाला. "त्या ईस्टरला तू माझ्या बोटांबद्दल काय म्हणाली होतीस? पुन्हा सांग." पलीकडून बराच वेळ बोलणं आलं. थर्मन मान हलवत राहिला, मग रिसीव्हरवर हात ठेवून माझ्याकडे वळला.

"सांगते म्हणते. आधी भांडं आणून दे म्हणते."

"आहे का ते अजून?"

"पियानोवर आहे," थर्मन म्हणाला, आणि क्लिओफसला विचारलं, "तुझी गाडी बाहेर आहे ना? चल, ऊठ."